सायकल-प्रवासातील घाटाचा दिवस

सायकल ही आता आपल्या खेड्यापाड्यांतून कोणास नवलाची वस्तू राहिलेली नाही. शाळेस यावे, गिरणीवर दळण न्यावे, आठवड्याचा बाजार करून यावे, एवढी कामे ती मुकाट्याने करीत असते. परंतु दहा-बारा जणांनी मिळून, पाठीशी चार दिवसांचे सामान बांधून, दूरच्या मुलखात जावयाचे ठरविले की हीच साधी पायगाडी निराळ्याच कसोटीस लागते. अशा प्रवासाचे बहुतेक दिवस सुखाचे असतात. त्यांतला एक मात्र साऱ्यांची परीक्षा पाहतो. तो दिवस घाटाचा. त्या दिवशी चाकाची परीक्षा होते, छातीची होते, आणि सर्वांत अधिक होते ती सोबतीची. ही परीक्षा इतकी कठीण का, आणि तिची तयारी कशी करावी, हे या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे. विद्यार्थी अशा सफरीस जाण्याची परवानगी मागतात व पालक ती देण्यास कचरतात. दोघांच्याही मनांतील प्रश्नांचे उत्तर आमच्या मते एकच आहे.

प्रथम आपल्या मुलखाचा विचार करू. आपले पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात आहे. (सातारा जिल्ह्यातील सेवागिरी महाराजांचे पुसेगाव ते निराळे.) अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागात उतरले आहेत, आणि औंढा नागनाथाच्या आसपासचा प्रदेशही डोंगराळच आहे. त्यामुळे चढण म्हणजे काय हे आपल्या मुलांस ठाऊक नाही असे नाही. परंतु आपली चढण बहुधा अल्पायुषी असते: दम लागतो न लागतो तोच माथा येतो. सह्याद्रीचा घाट असा मायाळू नसतो. कोकणातून देशावर येणारा रस्ता चार-पाचशे मीटरांची उंची एका दमात चढतो, आणि एका वळणानंतर दुसरे वळण असे करीत तास-दीड तास स्वाराचा पिच्छा सोडीत नाही. टेकडी जोरावर चढता येते. घाटास हिशेब लागतो.

जथ्याने सायकलीवरून डोंगर ओलांडण्याची हौस आपल्याकडे आजची नव्हे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेस निघाले. वाळवंटे, अरण्ये आणि आल्प्ससारखे पर्वत ओलांडून, सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास पुरा करून ते १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परत आले. परंतु निघालेल्या सहांपैकी प्रदक्षिणा पूर्ण करणारे तिघेच होते. अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा ही त्यांची नावे. त्यांचे प्रवासवर्णन १९३१ साली प्रसिद्ध झाले, त्यास पंडित जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली होती. पुढे २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरांची सायकल-शर्यत, वाटेतील रॉकी पर्वतासह, नऊ दिवसांच्या आत संपविली. दोघांनी पाळीपाळीने सायकल हाकली, म्हणूनच हे साधले. जगप्रदक्षिणा असो, शर्यत असो की शाळेची सहल असो, डोंगरात सोबतीचे गणित चुकवून भागत नाही.

हे गणित समजण्यासाठी सपाट रस्ता आणि चढण यांतील भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. सपाटीवर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू वारा होय. ताशी वीस किलोमीटरांच्या वेगाने जाणारा स्वार जो जोर लावतो, त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग समोरची हवा बाजूस सारण्यात खर्च होतो, व उरलेला रस्त्याच्या घर्षणात जातो. म्हणून एकामागोमाग एक अशी रांग करून गेले असता मागच्यांस पुढच्याचा आडोसा मिळतो व त्यांचे श्रम बरेच वाचतात. बळकट मुलगा पुढे, अशक्त मुलगा मागे, अशी योजना केली की दोघेही एकाच वेगाने जातात. सपाटीवर सोबत अक्षरशः ओझे हलके करते.

चढण लागली की हा सारा डाव पालटतो. आता शत्रू वारा नसून पृथ्वीचे आकर्षण असते. एक उदाहरण घेऊ. मुलाचे वजन ५५ किलो, सायकलीचे १७ किलो व सामानाचे ८ किलो, मिळून ८० किलो भार झाला. रस्त्याचा चढ शेकडा ५, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच मीटर वर. सपाटीवर ज्या जोरात हा मुलगा ताशी २१ किलोमीटर जात होता, त्याच जोरात तो येथे ताशी जेमतेम ८ किलोमीटर जातो. वेग इतका मंदावला की हवेचा अडथळा अगदी नगण्य होतो. साऱ्या श्रमाचा पंचविसावा भागदेखील तिच्यापायी खर्च होत नाही. मग पुढच्याचा आडोसा घेऊन काय मिळणार? प्रत्येकास आपला भार आपणच वर उचलावयाचा असतो. ज्या क्षणी सोबतीची सर्वांत अधिक गरज, त्याच क्षणी रांगेचा उपयोग संपतो. घाटाच्या दिवसाची खरी अडचण ती हीच.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. दोन मुले आहेत. एकाची शक्ती दुसऱ्याच्या दीडपट आहे. दहा किलोमीटर सपाट रस्ता दोघांनी आपापल्या बळाने, एकमेकांचा आडोसा न घेता काटला, तर बळकट मुलगा दुसऱ्यापेक्षा सुमारे चार मिनिटे अगोदर पोहोचेल. हेच अंतर वर सांगितलेल्या चढणीवर काटावयाचे झाल्यास तो वीस मिनिटांहून अधिक अगोदर पोहोचेल. मुले तीच, सायकली त्याच, अंतर तेच. केवळ रस्ता उभा झाला आणि चार मिनिटांचे अंतर पाचपट झाले. बारा जणांचा जथा असला तर पहिला माथ्यावर चहा पीत बसलेला असतो, आणि शेवटचा कोठल्या तरी वळणावर एकटा, तहानेला, आपल्यास सर्वांनी टाकले असे समजून सायकल ढकलीत असतो. त्याची सायकल पंक्चर झाली तर हवा भरण्याचा पंप बहुधा पुढे गेलेल्याच्या पिशवीत असतो. घाटात होणारे अनर्थ पुष्कळदा अशा एकटेपणातून होतात. मागे पडलेला गडबड करतो, गडबडीत खाणेपिणे विसरतो, आणि उतारावर हरवलेला वेळ भरून काढावयास जातो.

काही मुलांची समजूत असते की घाटात दम लागतो तो उंचीवरील विरळ हवेमुळे. सह्याद्रीपुरते हे खरे नव्हे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. आपले घाट त्याहून पुष्कळच ठेंगणे. तेथे दम लागतो तो श्रमामुळे. लडाखातील खारदुंग ला या पाच हजार मीटरांहून उंच खिंडीची गोष्ट वेगळी; तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो, आणि उंचीची सवय होण्यासाठी वाटेत दिवसच्या दिवस थांबावे लागते. आपल्या घाटात मात्र वेग कमी करणे हेच दमावरचे औषध आहे. चालता चालता सोबत्याशी पुरे वाक्य बोलता येत असेल तर वेग योग्य. एकेक शब्द तुटू लागला तर तो अधिक झाला, असे खुशाल समजावे.

आता सायकलीकडे वळू. आपल्याकडील साध्या सायकलीस पुढे ४८ दाते व मागे १८ दाते असले, तर पायंड्याच्या एका फेऱ्यात ती सुमारे सहा मीटर पुढे जाते. सपाटीवर हे ठीक. परंतु ताशी ८ किलोमीटरांच्या गतीने चढताना मिनिटास अवघे बावीस-तेवीस फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यास अंगाचा सारा भार पायंड्यावर टाकावा लागतो. गुडघे दुखतात ते यामुळे. गिअरच्या सायकलीत पुढचे व मागचे दाते समान करता येतात. मग एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरांच्या आतच पुढे जाते, फेरे मिनिटास साठ होतात, आणि पायांवरचा ताण हलका होतो. एक गोष्ट मात्र विसरू नये. गिअर काम कमी करीत नाही; मोठ्या कामाचे लहान लहान घास करतो. मोठी गाठोडी एकदम न उचलता चार खेपांत वाहून न्यावी, तसे ते आहे.

ज्याच्या सायकलीस गिअर नसेल त्याने उतरून पायी चालण्यात कमीपणा मानू नये. १९१० साली फ्रान्समधील प्रसिद्ध सायकल-शर्यतीचा मार्ग पहिल्यानेच पिरेनीज पर्वतातील तूर्माले या २,११५ मीटर उंच खिंडीतून नेला, तेव्हा त्या दिवसाचा ३२६ किलोमीटरांचा टप्पा जिंकणारा ओक्ताव्ह लापीझ हादेखील चढणीवर काही ठिकाणी सायकल हाताने ढकलीत गेला होता. त्या शर्यतीत दाते बदलणाऱ्या गिअरला परवानगी मिळाली ती १९३७ साली. जे जगज्जेत्यांनी केले ते शाळेतील मुलाने करण्यात लाज कसली?

रांगेचा उपयोग संपला म्हणून सोबत्यांनी एकमेकांस साह्य करण्याचे सारेच मार्ग संपत नाहीत. बोरघाटातील आगगाडीचा मार्ग १८६३ साली खुला झाला. त्याचा सर्वांत कठीण चढ सदतिसांत एक, म्हणजे आपल्या रस्त्यांच्या मानाने सौम्यच. तरी आगगाडीस तो एकटीने झेपत नाही म्हणून कर्जतेस मागून जोर देणारी जादा इंजिने जोडण्याची वहिवाट पडली, व अनेक गाड्यांच्या बाबतीत ती आजही चालू आहे. तीच गोष्ट वारीची. आषाढीस ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे जाताना दिवेघाट लागतो, तेव्हा रथास बैलांच्या आणखी जोड्या जुंपतात. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी जाणारी शेगावची गजानन महाराजांची पालखी ज्यांनी पाहिली असेल, त्यांस ठाऊक आहे की दिंडी कोणा तरण्याबांड टाळकऱ्याच्या पावलाने चालत नाही. म्हाताऱ्या माणसासही पेलेल अशा पावलाने ती चालते, आणि म्हणूनच शेकडो किलोमीटर चालून सारी मिळून पंढरीस पोहोचते. चढण आली म्हणजे जोर वाढवावा आणि वेग सर्वांत मंद माणसाच्या हाती द्यावा, हा धडा आगगाडी आणि दिंडी दोघीही देतात.

सायकलींच्या जथ्यात हा जोर कसा वाढवावा? पहिला उपाय म्हणजे ओझ्याची वाटणी. वरील उदाहरणात सामान आठ किलो, म्हणजे एकंदर भाराचा दहावा हिस्सा आहे. अशक्त मुलाचे सामान घाटाच्या पायथ्याशी दोघा बळकट मुलांनी वाटून घेतले, तर त्याचे श्रम एकदशांशाने कमी होतात. कोणत्याही शाबासकीहून हे साह्य मोलाचे आहे. दुसरा उपाय म्हणजे जागांची वाटणी. सर्वांत पुढे शांत डोक्याचा मुलगा असावा, सर्वांत वेगवान नव्हे. सर्वांत मागे जथ्यातील अनुभवी व बळकट स्वार असावा. त्यास आपण पाठीराखा म्हणू. पंप, पंक्चरचे सामान आणि औषधाची पेटी पाठीराख्याजवळच असावी, आणि त्याने कोणत्याही सबबीवर शेवटच्या मुलास ओलांडून पुढे जाऊ नये. तिसरा उपाय म्हणजे ठरलेले थांबे. दर दोन-तीन किलोमीटरांवर सावली पाहून थांबावे, शेवटचा येईपर्यंत कोणी हलू नये, आणि तो आल्याबरोबर 'चला' न म्हणता त्यासही बसू द्यावे. येथेच बहुतेक जथे चुकतात. पुढच्यांची विश्रांती झालेली असते, म्हणून मागचा पोहोचताच ते निघतात. परिणामी ज्यास विश्रांतीची गरज सर्वांत अधिक, त्यासच ती मुळीच मिळत नाही.

अन्नपाण्याचाही हिशेब सोपा आहे. आपला ८० किलोंचा भार पाचशे मीटर वर नेण्यास शरीरास सुमारे पावणेचारशे कॅलरी खर्ची घालाव्या लागतात, कारण खाल्लेल्या अन्नातील शक्तीचा साधारण चौथा हिस्साच कामी येतो व बाकीची उष्णता होऊन जाते. ही शक्ती शंभर ग्रॅमांहून थोड्या अधिक ज्वारीच्या पिठात असते. म्हणजे दीड-दोन भाकरींवर घाट चढता येतो. परंतु त्या पोटात अगोदर गेल्या पाहिजेत. गूळ, शेंगदाणे, केळी जवळ ठेवावी व भूक लागण्यापूर्वीच थोडी थोडी खावी. जी उष्णता उरते ती घामावाटे निघते, म्हणून श्रमात तासास अर्धा ते एक लिटर पाणी सहज लागते. त्यात चिमूटभर मीठ व साखर असल्यास उत्तम. एखादा मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, त्याचे अंग तापले, तर हा थकवा नसून उष्माघात आहे असे समजून त्यास तत्काळ सावलीत निजवावे, अंगावर पाणी घालून वारा घालावा, व विलंब न करता वैद्यकीय मदत बोलवावी. चढण शक्यतो सकाळी नऊच्या आत संपेल असे पहाटेच निघणे हा या साऱ्यांवरचा स्वस्त उपाय होय.

माथा आला म्हणजे मुलांस वाटते की कठीण भाग सरला. वस्तुतः कठीण भाग सरून धोक्याचा भाग सुरू होतो. ज्या श्रमाने आपण भार वर नेला तो नाहीसा झालेला नाही. तो उंचीच्या रूपाने साठलेला आहे, आणि पलीकडे तितकेच उतरावयाचे असेल तर उतरताना त्याची परतफेड होते. पाचशे मीटर उतरताना जी शक्ती मोकळी होते ती सव्वा लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी असते. तिचा काही भाग वारा घेतो. उरलेला ब्रेकच्या रबरास व चाकाच्या कडीस तापवितो. ब्रेक सतत दाबून धरल्यास कडी इतकी तापते की आतील ट्यूब फुटण्याचा संभव असतो. म्हणून दोन्ही ब्रेक थोडे दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे. वळणाच्या आतच वेग आवरू नये; वळण येण्यापूर्वी आवरावा. वेग दुप्पट झाला तर थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते, हे भौतिकशास्त्राच्या तासास शिकलेले सूत्र येथे जिवावरचे ठरते. चढताना एकमेकांजवळ राहणे जितके आवश्यक, तितकेच उतरताना दूर राहणे आवश्यक. दोन सायकलींत निदान वीस-पंचवीस मीटर अंतर हवे, आणि पावसात त्याहून अधिक, कारण ओल्या कडीवर ब्रेक उशिरा धरतो. उतारावर कोणी कोणास ओलांडू नये. हा नियम मोडणाऱ्यास त्या दिवसापुरते सायकलीवर बसू न देणे हीच त्याच्यावरची माया होय.

पालकांस आमची विनंती अशी की, मुलाने सफरीची परवानगी मागितली असता 'किती लांब जाणार?' एवढेच विचारून थांबू नये. बारा जणांत शेवटी कोण राहणार, त्याच्याजवळ पंप आहे काय, घाटास किती वेळ धरला आहे, ब्रेकची रबरे कोणी पाहिली, हे प्रश्न विचारावेत. दहा किलोमीटरांच्या घाटास पाऊण तास धरणाऱ्या पुढाऱ्याने बळकटाचा हिशेब केलेला असतो. अडीच तास धरणाऱ्याने सायकल ढकलीत चालणाऱ्या मुलाचा विचार केलेला असतो. त्याच्या स्वाधीन आपले मूल करण्यास हरकत नाही. विद्यार्थ्यांनीही सफरीपूर्वी महिनाभर आपल्याच परिसरातील चढउतारांवर, सामान बांधून, सर्वांनी मिळून सराव करावा. कोण मागे पडतो हे घरच्या टेकडीवर कळलेले बरे. ते परक्या घाटात कळू नये.

बळकट मुलास थांबणे जड जाते, हे आम्ही जाणतो. परमेश्वराने दिलेले बळ वापरून पुढे धावावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु घाटात त्याच्या बळाचे मोल तो किती अगोदर पोहोचला यावरून ठरत नाही. मागच्याची किती पिशवी त्याने उचलली, आणि किती वेळा तो वाट पाहत उभा राहिला, यावरून ठरते. संध्याकाळी मुक्कामावर सायकली टेकवल्या म्हणजे पुढाऱ्याने घड्याळ पाहण्यापूर्वी डोकी मोजावीत. निघताना बारा होती, आणि आता बारा आहेत, एवढे कळले की त्या दिवसाचा हिशेब चुकता झाला.